बोंडल्यातलं दही

मी बोंडलं बोलतोय. हसू नका. तान्ह्या मुलांना दूध पाजायचं चोचीचं चांदीचं भांडं, एवढीच माझी ओळख, आणि बाटल्यांच्या या दिवसांत तीही करून द्यावी लागते. मी मुळातच भित्रा. पण यंदा परळच्या एका इस्पितळात, कापडी पिशवीत बसून मी जी भीती सोसली, ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

माझा जन्म सावंतवाडीच्या एका सोनाराकडचा. शेवंतीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या वडिलांनी मला घडवून घेतलं आणि मी लालबागच्या चाळीत राहायला आलो. तिचा मुलगा निलेश माझ्यावरच वाढला. पुढे तीस वर्षं मी देवघराच्या खणात काळा पडत बसलो. सणासुदीला चिंचेनं घासायचे, परत ठेवायचे. कंटाळवाणं होतं, पण जिवाला घोर नव्हता.

गेल्या श्रावणात निलेशच्या बायकोला, दर्शनाला, मुलगी झाली. नाव ठेवलं कालिंदी. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि आत टाळूलाही फट होती. अंगावरचं दूध तिला ओढताच येईना. मग शेवंतीनं मला बाहेर काढलं. आपल्या पद्धतीनं पाय पसरून तिनं नातीला आडवं घेतलं आणि मला कलतं केलं. दूध नाकातून बाहेर आलं, पोर निळी पडली. मी तिच्या ओठांशीच होतो. काय करणार? दर्शनानं तिला उभं धरून पाठीवर थोपटलं, तेव्हा श्वास परतला.

इस्पितळातल्या सिस्टरनी नीट दाखवलं. "आडवं नाही, बसतं धरा. थोडं थोडं घाला. मधे ढेकर काढा." दर्शना दोन दिवसांत शिकली. शेवंतीच्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. "ग्रहणात सुरी हातात घेतलंस काय गो?" हे तिनं सुनेला एकदा नाही, दहादा विचारलं असेल. डॉक्टरांनी समजावलं, की पोटात असताना पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे भाग जुळतात, कधीकधी जुळायचे राहतात. ग्रहणाचा संबंध नाही आणि दोष कुणाचाच नाही. शेवंती तिथे मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा विचारायची.  मला धरलेली दर्शनाची बोटं तेवढी आवळली जायची.

पाच महिन्यांनी कालिंदीचं वजन पुरेसं झालं आणि ओठाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी निलेशनं बजावलं, "आई, रात्री दोनचं दूध शेवटचं हां. नंतर अजिबात नाही. सिस्टर दोनदा बोललीय."

सकाळी सहाला दर्शना आंघोळीला गेली, निलेश टॅक्सी बघायला खाली उतरला. कालिंदी भुकेनं आकांत करत होती. शेवंतीनं देवापुढे दिवा लावला, वाटीत दही-साखर कालवली, पाणी घालून पातळ केली आणि माझ्यात ओतली.

"दही-साखर घेतल्याशिवाय आमच्या घरातला कोण मोठ्या कामाक जाऊक नाय," ती नातीला म्हणाली.

तिच्या हिशेबी दूध नको म्हटलं होतं, दह्याचं कुणी काही बोललं नव्हतं. पोरीनं सगळं संपवलं आणि गप्प झाली. दर्शना बाहेर आली तेव्हा शेवंती एवढंच म्हणाली, "बघ, चेडू कसा गप झाला." ऑपरेशननंतर लागेन म्हणून मला घाईघाईत, न धुताच, पिशवीत टाकलं गेलं.

इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "बाळानं शेवटचं काय घेतलं? किती वाजता?"

"दूध. रात्री दोनला," दर्शना म्हणाली.

"नक्की ना? पोटात काही असलं तर भुलेत ते वर येतं आणि फुप्फुसात जातं. जिवावर बेतू शकतं, म्हणून परत विचारते."

"नक्की."

पिशवी शेवंतीच्या मांडीवर होती. तिनं पिशवीचे बंद घट्ट धरले होते. तिच्याखेरीज सगळं ठाऊक असलेला मी एकटा, आणि मला तोंड नव्हतं. चोच होती, ती दह्यानं चिकटलेली. बोल, शेवंती, बोल! पण ती का बोलत नाही, हे मला कळत होतं. जिला दहादा सुरीचं विचारलं, तिच्यासमोर आता स्वतःचं नाव घ्यायचं होतं.

सिस्टरनी कालिंदीला उचललं. आतलं दार उघडलं. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून शेवंतीनं पिशवीत हात घातला आणि तिचं बोट माझ्या चोचीला लागलं. तिनं हात बाहेर काढून पाहिला. दही अजून ओलं होतं.

"थांबा!" ती उभीच राहिली. "मिया दिलंय. सहा वाजता. दही-साखर. हिका काय म्हायत नाय!"

"आई, वेडी झालीस काय तू?" निलेश ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडून घेऊन बाळ परत दर्शनाच्या हातात दिलं. "आज नाही करायचं. आजी, आत्ता बोललात ते फार बरं झालं."

 दर्शना बाळाला घेऊन सासूशेजारी बसली. तिनं ओढणीच्या टोकानं शेवंतीच्या बोटाचं दही पुसलं. ग्रहणाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आठ दिवसांनी नवी तारीख मिळाली. त्या सकाळी शेवंतीनं दही-साखर सुनेच्या तळहातावर ठेवली. "तू घे. आयेन घेतला की चेडवाक पोचता."

ओठ छान जुळलाय. बारीकशी रेघ दिसते, कालिंदी हसली की तीही हसते. पण टाळूचं ऑपरेशन अजून व्हायचंय, वाढदिवसाच्या सुमाराला. पुन्हा ती सकाळ, पुन्हा ते दार. मी आत्तापासूनच घाबरलोय.

तुमच्याकडे असं लेकरू असेल तर मला खुशाल वापरा, बसतं धरून, थोडं थोडं. फक्त त्या एका सकाळी, कितीही माया दाटून आली तरी, मला रिकामं ठेवा. आणि भरलंतच, तर दार लागायच्या आत बोला. मला तिथे बोलता येत नाही.