पुनपाहणे

समिती मंगळवारी येणार होती, आणि या अभ्यासकेंद्राने आजवर काय दिवे लावले ते तिला चार पानांत हवं होतं. तुमचं संशोधन कुणी वाचलं, कुठे वापरलं, दाखवा. पटलं नाही तर केंद्राला कुलूप. संचालकांनी हे घोंगडं अर्थातच अक्कांच्या गळ्यात टाकलं. अक्का म्हणजे केंद्राच्या टंकलेखिका. एकतीस वर्षांत पाच संचालक आले नि गेले, अक्का आपल्या खिडकीपाशीच.

केंद्राची कमाई म्हणजे अकरा खंड. केंद्र काढणारे मोठे सर हयातभर पायी हिंडले. या मुलखातल्या गावागावांतली माणसं, विहिरी, बोलण्याची तऱ्हा, सगळं वह्यांत टिपलं. वह्यांवरून टाइप केलं अक्कांनी. अकरावा खंड छापखान्यात असतानाच सर गेले. तेव्हापासून ते खंड म्हणजे अक्कांना सरच वाटत. रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ त्या स्वतः पुसत, शिपायाला हात लावू देत नसत.

आठ दिवस अक्का लोकांचे लेख आणि प्रबंध चाळत बसल्या. खंडांचा उल्लेख सापडला एक्केचाळीस ठिकाणी. अगदीच भोपळा नाही म्हणायचा! पण त्यातले अडतीस उल्लेख एकाच पानाचे निघाले. खंड नववा, गाव पुनपाहणे. खंडात गावाच्या नावापुढे नुसत्या रेघा होत्या. माणसं नाहीत, विहिरी नाहीत. तेवढ्यावर विद्वानांनी काय काय रचलं होतं! कुणी म्हणे साथीत ओस पडलेलं गाव, कुणी म्हणे हाकलून लावलेल्यांचं. एकाने तर तिथल्या बोलीवर वीस पानं खरडली होती. तिथे जाऊन मात्र एकही जण आला नव्हता.

अक्कांना हे गाव काही आठवेना. त्यांनी कपाटातून सरांची वही काढली. दोन गावांच्या मध्ये, बारीक पेन्सिलीने, सरांच्या हातचं: "पुन. पाहणे."

म्हणजे पुन्हा पाहणे. वरच्या गावाच्या आकड्यांबद्दल सरांना शंका होती, परत जायचं होतं. तेव्हा तेवीस वर्षांच्या असलेल्या अक्कांनी ते गाव समजून टाइप केलं होतं, आणि पुढचे रकाने रिकामे म्हणून रेघा मारल्या होत्या.

"अगं बाई गं!" अक्का वही घेऊन तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

संचालकांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. केंद्र बुडालं तर तुमचे मोठे सर बुडाले, एवढं ध्यानात ठेवा."

तेवढं बरोबर वर्मी लागलं. अक्कांनी ते अडतीस उल्लेख चार पानांत तसेच टाइप केले.

मंगळवारी समितीच्या अध्यक्षांनी चार पानं भराभर उलटली आणि एका जागी थांबले. "वा, पुनपाहणे! माझ्याच विद्यार्थ्याचा प्रबंध आहे यावर." संचालक खुलले.

चहा झाल्यावर निकाल लागला. केंद्र बंद. "नववा खंड तेवढा मुख्य ग्रंथालयात ठेवून घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "बाकीचे दहा कोण उघडतंय? रद्दीत द्या."

आता झाकायला मूठच उरली नव्हती. अक्का वही घेऊन पुढे आल्या. "साहेब, असं गाव नाही. ती माझी चूक आहे. सरांचं खरं काम बाकीच्या खंडांत आहे हो, ते ठेवा. हवं तर हाच टाका."

अध्यक्षांनी चष्मा लावला. ती पेन्सिलीची ओळ वाचली, दोनदा वाचली. मग वही मिटून हळूच अक्कांच्या हातात दिली.

"बाई, अडतीस जणांनी लिहिलंय," ते म्हणाले. "आता आहे ते गाव."

शुक्रवारी रद्दीवाला आला. दहा खंड त्याने पायाने सारून पोत्यात भरले. अक्कांना बघवेना, म्हणून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. संचालकांनी आतून शेवटचं काम पाठवलं होतं: ग्रंथालयात जाणाऱ्या खंडावर चिकटवायची चिठ्ठी.

अक्कांनी टाइप केलं: 'खंड नववा. पुनपाहणे.' मग चष्मा पुसून एकेक अक्षर पुन्हा पाहिलं. चूक एकही नव्हती.