हौदाला एकशे तीन ताप

"मालक, हौदाले एकशे तीन ताप हाय," देवसिंगनं दारातूनच सांगितलं, आणि बबनरावांच्या हातातला घास परत ताटात गेला.

बबनराव यवतमाळातल्या एका जिनिंगचे मालक. संयुक्त महाराष्ट्र झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते कापसाच्या कामानं मुंबईला गेले आणि येताना समुद्र घेऊन आले. अख्खा नाही, मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीत मावला तेवढा. पत्र्याच्या डब्यांतून खारं पाणी, पोवळ्याचा खडक, खडकाला चिकटलेलं एक जिवंत फूल आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक मासा. बैठकीत काचेचा हौद मांडला. विकणाऱ्यानं एकच बजावलं होतं की पाणी अठ्ठ्याहत्तर डिग्रीच्या आसपास ठेवा आणि एकदम चढू-उतरू देऊ नका. त्या बिचाऱ्याला आमचा वैशाख काय ठाऊक! इथं दुपारी उडणारा कावळा खाली पडेपर्यंत शिजून निघतो. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारावं.

देवसिंग जिनिंगचा चौकीदार. उन्हाळ्यात जिनिंग बंद, म्हणून हौद त्याच्या गळ्यात आला, आणि त्यानं तो आनंदानं घालून घेतला. कारण त्याच्या आज्याचं, म्हणजे बापाच्या बापाचं, खेमसिंगचं नाव त्या फुलात अडकलेलं होतं. खेमसिंग समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून आणायचा. एका खेपेहून परतल्यावर त्यानं आपल्या बंजारा तांड्यात सांगितलं, दर्यात एक फूल असते, त्याले हात लावला तं चटका बसते, पण एक पट्ट्यापट्ट्याचा मासा त्याच्याच कुशीत झोपते. तांडा हसून लोळला. त्या दिवसापासून बाभुळगावजवळच्या त्या तांड्यात या घराच्या शब्दाची किंमत गेली ती गेलीच. पंचायतीत देवसिंग साक्षीला उभा राहिला की तांड्याचा नायक रामधन मिशीतल्या मिशीत विचारायचा, "ही साक्ष फुलातली का फुलाबाहेरची?"

म्हणून देवसिंगनं नायकाला आणि आपल्या याडीला, म्हणजे आई रुक्माबाईला, बाजाराच्या दिवशी हौद पाहायला बोलावलं होतं. बाजार आजच होता. ऊन उतरलं की दोघं येणार होती. आणि नेमका आज हौदाला ताप.

आजवर खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावून त्यानं पाणी बरोबर राखलं होतं. पण हौदाचं थर्मामीटर सकाळी मांजरानं फोडलं, आणि फुलचंद कंपाउंडरकडून मागून आणलेलं दुसरं एकशे तीन दाखवत होतं. बबनरावांनी बर्फाच्या कारखान्यातून बर्फ मागवला. खाऱ्या पाण्यात गोडं पाणी मिसळू नये म्हणून तो चिनीमातीच्या बरण्यांत भरून बरण्या हौदात सोडल्या. बरण्या विमलताईंच्या, दिवस कैऱ्यांचे. "आता लोणचं कायच्यात घालू, तुमच्या टोपीत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. बबनरावांनी टोपीवर हात ठेवला.

बर्फ वाढत गेला, पारा तसूभर हलेना. पाणी हाताला गारेगार लागत होतं, पण देवसिंगला त्याचं नवल वाटलं नाही. हिवतापात माणूसही असाच कुडकुडतो, आणि ताप वरच असतो. त्यानं आणखी एक बरणी सोडली. फूल मुठीसारखं मिटलं. मासा आडवा झाला.

तेवढ्यात थर्मामीटर न्यायला फुलचंद आला. त्यानं ते डोळ्यांसमोर धरलं, मग हौदाकडे पाहिलं, मग दोघांकडे.

"हा तं तुमच्या मुनीमजीचा ताप हाय," तो म्हणाला. "सकाळी त्यायलेच लावलं होतं. झटकलं होतं का?"

कोणीच झटकलं नव्हतं. तापाचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, आणि चौऱ्याण्णवच्या खाली त्याला दुनियाच माहीत नाही, हे फुलचंदनं खुर्चीत बसून, चहा घेत, सविस्तर समजावलं. बबनराव धावत फोटो स्टुडिओत गेले आणि माशाचा फोटो काढू देण्याच्या बोलीवर तिथलं, फोटो धुण्याच्या पाण्यातलं थर्मामीटर घेऊन आले. ते बुडवलं. पारा सत्तरच्याही खाली.

बबनराव बंबाकडे वळले. देवसिंग आडवा आला. "मालक, एकदम चढवू नोका म्हनलं होतं ना तुमच्या मुंबईवाल्यानं."

"मंग करावं तरी काय?"

देवसिंगनं बरण्या बाहेर काढल्या, ताट्या उतरवल्या आणि खिडक्या सताड उघडल्या. यवतमाळात उन्हाच्या झळीला 'या, बसा' म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. झळ आली, जिकडेतिकडे टेकली, विमलताईंच्या टोपलीतली केळी करपवून गेली. पण पारा मात्र पाहुण्यासारखा एकेक पायरी चढत राहिला.

नायक आणि रुक्माबाई आली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं. नायकानं वाकून पाहिलं. मिटलेली मूठ, कलंडलेला मासा.

"फूल तं मिटून राह्यलं, देवसिंग," तो मऊ आवाजात म्हणाला. "साक्ष पुढच्या बाजारी ठेवू का?"

देवसिंगची नजर पाऱ्यावर होती. अठ्ठ्याहत्तरला त्यानं एकेक खिडकी लावून घेतली. मग मुठीतून एक बोट सुटलं, दुसरं सुटलं, आणि फूल उमललं. मासा सरळ झाला, दोनदा डुलला आणि त्या फुलात शिरून लोळला, जसा काही तो कुठं गेलाच नव्हता.

नायकानं बाही सारली, बोट पाण्यात घालून फुलाला लावलं आणि झटकन मागं ओढलं. ते त्यानं तोंडात घालून चोखलं.

"चटका बी खरा हाय," तो शेवटी म्हणाला. हे आता तांड्यात सांगायचं काम त्याचंच होतं, आणि आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, या काळजीनं त्याची मिशी खाली आली.

रुक्माबाईला बबनरावांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. तिनं डोक्यावरची ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि हौदासमोरून बाजूला होऊन भिंतीशी, खाली फरशीवर बसली.

"याडी, पाह्य ना," देवसिंग म्हणाला. "कायले लपून राह्यली?"

"पाह्यलं म्या," ती ओढणीआडून हळूच बोलली. "सासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवत नसतात, बापू."