जुन्यावर नवं

"एकही एरर नाही? असं कसं होईल?" प्रोग्रामर स्वतःशीच पुटपुटला.

प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या नव्या व्हर्जनने सकाळपासून त्याचा जीव नकोसा केला होता. जुन्यावरच टाक, वेळ नाही, असं मॅनेजरचं फर्मान. टाकायला जावं तर ते म्हणे आधी जुनं काढा. काढायला जावं तर म्हणे जुनं इथे नाहीच. टेबलावर मुठी आपटून त्याची बोटं सुजली, एक कीबोर्ड भिंतीवर फुटला. मग मेलं एकदाचं मुकाट बसलं. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा प्रोग्रामही बिनतक्रार तयार झाला, आणि मॅनेजरने तो लगेच मशीनवर चढवला.

आता त्याने फोल्डर उघडला. प्रेसखाली हात दिसला की ती थांबवणारी फाइल त्याने स्वतः लिहिली होती, आणि आळसापायी कंपायलरच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. तिथे त्याच नावाची नव्या व्हर्जनची फाइल येऊन बसली होती. आतून कोरी, म्हणूनच एकही एरर नव्हता.

आणि प्रेसवर त्याच्या बहिणीचा नवरा होता. पत्रा अडकला की भाऊजी सरळ आत हात घालत. "घाला बिनधास्त, थांबते ती," हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं.

तो धडपडत जिना उतरला.

"प्रेस बंद करा."

मॅनेजर स्विचसमोर आडवा आला. "ट्रक दारात उभा आहे. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

त्याच्या खांद्यावरून प्रोग्रामरला दिसलं, भाऊजींचा हात आत गेला होता आणि प्रेस खाली येत होती. त्याने मॅनेजरच्या तोंडावर ठोसा हाणला. दात लागून मूठ फाटली. कोपऱ्यातली पहार उचलून त्याने स्विचची अख्खी पेटी फोडून काढली. ठिणग्या उडाल्या, प्रेस अर्ध्यावर थबकली.

मग कामगार त्याच्यावर तुटून पडले. कुणी पोटात लाथ घातली, कुणी केस धरून डोकं फरशीवर आपटलं. भाऊजी धावत आले आणि त्यांनीही कानाखाली दोन ठेवून दिल्या.

"वेड लागलं का तुला? तुझ्या बहिणीला काय सांगू मी?"

तो रक्त थुंकला. "भाऊजी, हात आत होता तुमचा. स्वतःहून थांबत होती का ती?"

भाऊजींचा उगारलेला हात तसाच राहिला. त्यांनी वळून पाहिलं. प्रेस स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरत होती. हात ओढून घेताना निसटलेला त्यांचा हातमोजा तिच्याखाली होता. बघता बघता तो चपटा झाला.

भाऊजी खाली बसले. खिशातला रुमाल काढून त्याच्या फुटलेल्या कपाळाला बांधू लागले. गाठ काही केल्या बसेना.

"राहू द्या, मी बांधतो," तो म्हणाला.

"गप बस," भाऊजी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पुन्हा गाठ मारू लागले.