लीव्ह म्हणजे जाणं नव्हे

लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीत अर्चना दर शनिवारी सकाळी इंग्रजी शिकवायची. वर्गात बहुतेक चिनी बायका. त्यातली श्यूलान पन्नाशीची. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत सहा वर्षं कामाला. २००५च्या मार्चमध्ये एकदा ती वर्ग संपल्यावर मागे थांबली आणि तिनं एक कागद पुढे केला.

नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तिनं सुपरवायझरला सांगितलं होतं, "आय वाँट लीव्ह, फ्रायडे." त्यानं काहीतरी लिहून तिची सही घेतली. सोमवारी कामावर गेली, तर तिच्या मशीनवर दुसरीच बाई. कागदावर होतं, शुक्रवारपासून नोकरी सोडत आहे.

"आमच्या भाषेत रजेला वेगळा शब्द, जाण्याला वेगळा," श्यूलान तुटक इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याही," अर्चना म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मंगळवारी दोघी लाँड्रीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसल्या. सुपरवायझर हाताची घडी घालून उभा होता. "ती स्वतःच म्हणाली, लीव्ह. लीव्ह म्हणजे जाणं. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मी काय करू?"

अर्चना बोलणार, तोच श्यूलाननं तिचा हात दाबला. "टीचर, मी बोलते."

ती उभी राहिली. पिशवीतून होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याचं, पत्र काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन.

"इथे पण लीव्ह. म्हणजे मी देश सोडून जाऊ? नाही. सरकार म्हणतं, राहा. ही लीव्ह म्हणजे परवानगी. मी तीच मागितली, एका दिवसाची." मग ती सुपरवायझरकडे वळली. "मला इंग्रजी कमी येतं. तुम्हाला पण."

अर्चनानं हसू दाबलं. मॅनेजरनं पत्र दोनदा वाचलं. "उद्यापासून या," तो म्हणाला आणि तिथल्या तिथे टाइप करून एक कागद तिच्यापुढे सरकवला. कर्मचाऱ्याच्या चुकीच्या इंग्रजीमुळे गैरसमज झाला, असं त्यात होतं.

श्यूलाननं शब्दांवरून बोट फिरवत तो वाचला. पेन उचललं नाही.

"माझं इंग्रजी चूक नव्हतं. हे काढा."

"मॅडम, नोकरी परत मिळतेय ना?"

"ती माझीच होती."

ती परत खुर्चीत बसली आणि वीस मिनिटं तिथून हलली नाही. बाहेर शिफ्ट बदलली. अखेर मॅनेजरनं कागद फाडला आणि दुसरा काढला. श्यूलाननं तोही पहिल्या अक्षरापासून वाचला, मग चिनी लिपीत ठसठशीत सही केली.