अजून थोडं थांबा

मित्रांनो, मी एक जुना भावशोध्या आहे. संगणकावर इंटरनेट उघडलं की वरच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढं चिन्ह दिसतं ना, तोच मी. खरं नाव एक्स्टेन्शन, म्हणजे इंटरनेटच्या खिडकीला जोडलेला एक छोटा प्रोग्राम. भावशोध्या हे नाव मी ज्या घरात आहे तिथल्या बाबांनी ठेवलं.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कोणीतरी मला लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. वस्तू कुठे स्वस्त आहे ते शोधायचं, सवलतीची कुपनं लावून बघायची, आणि भाव उतरणार असेल तर लाल अक्षरांत सांगायचं, "अजून थोडं थांबा." उतरला की मी हिरवा होतो आणि घंटी वाजवतो.

घरात दोनच माणसं. बाबा जन्मभर गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारत आले. तो रंग त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. त्यांची लेक घरीच पडदे शिवायची. मी हिरवा झाल्याशिवाय साधी चादरसुद्धा घ्यायची नाही, असा बाबांचा कडक नियम. पंखा, इस्त्री, लेकीचं शिलाई मशीन, सगळं माझ्या सल्ल्यानं आलं. बाबा शेजाऱ्यांना बोलावून मला दाखवायचे. "जावई मिळाला नाही, पण हा मिळाला!" लेक चिडायची आणि मी फुशारून जायचो.

मग डॉक्टरांनी सांगितलं, घरी प्राणवायूचं यंत्र आणा, उशीर करू नका. लेकीनं त्याच दुपारी यंत्र शोधलं. पैसे होते, बरं का! पण मी लाल झालो. मागचे सगळे भाव मला पाठ, त्यावरून बोललो.

"बाबा, मी घेऊन टाकते."

"भावशोध्या काय म्हणतोय?"

"थांबा म्हणतोय. त्याला मेल्याला काय कळतंय?"

"आजवर कधी चुकलाय का तो? उगाच दुकानदाराच्या घशात कशाला घालायचे?"

एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली. तरी त्यांनी माउसवर हात ठेवला तो काढलाच नाही. लेकीनं परोपरीनं विनवलं. शेवटी रडकुंडीला येऊन ती शिवायला बसली.

रोज सकाळी भिंत धरत धरत ते मला विचारायला यायचे. मला सगळं दिसत होतं हो! पण मला बोलता येतं ते लाल आणि हिरवं, एवढंच.

एका सकाळी ते आले नाहीत. आतून लेकीचा हंबरडा तेवढा ऐकू आला.

त्याच आठवड्यात भाव कोसळला. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी हिरवा होऊन घंटी वाजवली, "अभिनंदन! तुमची बचत झाली." लेक उठून आली. तिनं वाचलं आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "बाबा, उतरला हो."

मित्रांनो, बूट, दप्तर, खेळणी घेताना मला खुशाल विचारा. पण घरात कोणाला धाप लागत असेल, तर माझं ऐकू नका. मोठी माणसं हट्ट करतील, रागावतील, तरीही ऐकू नका. लेकीनं मला अजून काढून टाकलेलं नाही. त्या यंत्राचा भाव मी रोज बघतो. बघू नकोस, असं मला कोणी सांगितलेलंच नाही.