वॉशरच्या पुढे तेल

पायाला भिंगरी लावूनच जन्मली, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. पण त्या दुपारी तिने कहरच केला. खिडकीपाशी जा, परत ये, चहाचं आधण ठेव, गॅस बंद कर, पुन्हा खिडकीपाशी. बाबा जमिनीवर जुनी चादर अंथरून बसले होते आणि त्यांच्यापुढे त्यांची छर्र्याची बंदूक होती, त्यांच्या लग्नाहूनही जुनी.

"एका जागी बस गं. तुझ्या वाऱ्याने माझे स्क्रू उडतील."

ती शिलाई मशीनच्या स्टुलावर टेकली. बाबांच्या घराच्या पुढच्या खोलीत ती दिवसभर कपडे शिवायची आणि संध्याकाळी आपल्या घरी जायची. रात्री बाबा एकटेच असत, आणि तेच दादाला खुपत होतं. आज तो येणार होता. बाबांना आपल्याकडे न्यायचं, या घराला कुलूप लावायचं, असं ठरवूनच. दादाने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

बाबांना जायचं नव्हतं. पण गेल्या काही महिन्यांत ते विसरू लागले होते. एकदा गॅस चालू राहिला, एकदा दार सताड उघडं राहिलं. दर वेळी भिंगरी फोनवर सांगायची, "अरे, माझ्याच हातून झालं ते." इतक्या वेळा सांगून झालं होतं की दादा आता नुसता "हं" म्हणायचा. शेवटी बाबांनीच त्याला सांगितलं, "बंदूक खोलतो, साफ करतो, जोडतो आणि तुझ्यासमोर चालवून दाखवतो. डोकं ठिकाणावर नसलेल्याला हे जमत नाही." दादा म्हणाला होता, "बघू."

दस्ता सुटला, चापाचा सांगाडा निघाला. आता खरी गोम होती. मागच्या टोपणाआड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. टोपण घाईने सोडलं तर ती उसळून अक्षरशः दात घशात घालते. भिंगरीचा जीव टांगणीला लागला. आयुष्यभर कारखान्यात फिटर असलेल्या बाबांनी मात्र क्लॅम्प आवळला, तोंड बाजूला घेतलं आणि टोपण जरा जरा फिरवत सोडलं. स्प्रिंग मुकाट्याने बाहेर आली. भिंगरीने इतका मोठा सुस्कारा टाकला की बाबा हसले.

"तुला काय वाटलं, म्हातारा मरतो आता?"

"काहीतरीच बोलू नका!"

मग रॉकेल, चिंध्या, काळं पडलेलं जुनं ग्रीस. नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढून झाली. स्प्रिंगला त्यांनी नवीन ग्रीस लावलं, तेही बोट फिरवल्यापुरतं. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर होता, वाळून कडक झालेला. त्यात त्यांनी आपल्या बाटलीतलं दाट तेल मुरवलं आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढलं. सगळं जोडून झाल्यावर ते हात धुवायला गेले.

भिंगरीला राहवेना. तिने बंदुकीची नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडली आणि आत वाकून पाहिलं. सिलेंडरच्या तोंडाशी एक बारीक भोक होतं, कोरडं ठणठणीत. हे राहिलंच की! मशीनवर बसणाऱ्या बाईला भोक दिसलं की तेल घालायचं, एवढं एकच ठाऊक. तिने मशीनच्या तेलाची कुपी उचलली, भोकात चांगली पिळली आणि नळी मिटवून टाकली. बाबांवर आपला भरवसा नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

दादा आला तो आवाज चढवतच. रिक्षावाल्याशी वाजलं होतं. आल्या आल्या त्याने कपाटावरची बॅग खाली काढली आणि मग म्हणाला, "दाखवा, काय दाखवायचंय ते."

परसात चिंध्यांनी भरलेलं खोकं होतं. बाबांनी छर्रा भरला, नेम धरला आणि चाप ओढला.

फाड्‌कन आवाज झाला. शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं. नळीतून निळा धूर निघाला आणि छर्रा खोकं सोडून भिंतीचा टवका काढून गेला.

"झालं समाधान?" दादा ओरडला. "डोळा गेला असता कुणाचा तरी!"

बाबांनी नळी उघडून नाकाशी धरली. मग शांतपणे म्हणाले, "तेल जास्त झालं माझ्याकडून. विसरलो."

भिंगरी मध्ये धावली. "नाही दादा! मी घातलं तेल. बाबा हात धुवायला गेले तेव्हा. शपथ!"

दादाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला हसूच आलं. "गॅससुद्धा तूच चालू ठेवला होतास. दारही तूच उघडं टाकलंस. पुरे कर आता. भर ती बॅग."

तिला रडू कोसळलं. जन्मात कधी नव्हे ते खरं बोलत होती, आणि आधीच्या सगळ्या खोट्यांनी मिळून त्या खऱ्याचं मातेरं केलं होतं. आत जाऊन ती बाबांचे सदरे बॅगेत घालू लागली. घड्या विस्कटत होत्या.

बाबा मागोमाग आले, बंदूक चादरीवर ठेवून बसले आणि पुन्हा स्क्रू सोडू लागले. "इकडे ये. आता ही तुझ्याकडेच राहणार, तर नीट बघून ठेव. वॉशरच्या पुढे थेंबही घालायचा नाही. हवा दाबली की तापते, तेल पेट घेतं. त्यातून तुझं ते मशीनचं पातळ तेल. वासावरूनच कळलं मला."

दादा दारात उभा होता. "म्हणजे? हिनेच घातलं होतं?"

बाबांची जीभ दातांखाली गेली. मग त्यांनी मान हलवली. "गॅस मी विसरलो होतो. दारही मीच. हे तेवढं तिचं."

"मग मघाशी स्वतःवर का घेतलंत? जायचं नाही ना तुम्हाला?"

"नाहीच जायचं." बाबांनी स्क्रू वाटीत टाकला. "पण तू ओरडलास की लहानपणी ती घाबरून चड्डी ओली करायची. मला वाटलं, नको आज."

दादा आत आला, बॅगेतले सदरे एकेक करून काढू लागला, आणि बहिणीला हळूच म्हणाला, "परत कपाटात ठेवायला यांच्या घड्या कशा घालतेस, दाखव."