करंजाखालची पंगत

"अक्का, पानं उचलूं. हॉलवाल्याला सांगितलों आहे, वॅन येत आहे," गिरीश म्हणाला आणि आभाळाकडे बोट करून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते ढग मीच बोलावले होते.

"पानं मांडून झाली," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतों, उचलूं."

इथं तमिळ मुलखात, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत त्या दिवशी निसर्ग आणि वारसा दिवस होता. हे भारदस्त नाव गिरीशचं. तो आमच्या मराठी संघाचा सेक्रेटरी, बँकेत मॅनेजर, पण लहानपणी त्याचा गोवर मी काढलाय, तेव्हा माझ्यापुढे त्याची मॅनेजरी चालत नाही. सकाळी मुलांना झाडांची नावं सांगून झाली होती, दुपारी गल्लीच्या तोंडाशी करंजाखाली पंगत बसायची होती. पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, एरवी इथं ऊन डोकं फोडतं. यंदा हवेला काय झालंय देव जाणे. सकाळी घामाच्या धारा, मग वारा, आणि जेवणाच्या वेळेला हे ढग.

करंज नुकताच पालवला होता, फुलं टपटप केळीच्या पानांवर पडत होती. बुंध्यावर मात्र पांढऱ्या रंगात एक आकडा मारलेला. राजवाडा बघायला येणाऱ्या बसना वळायला जागा हवी, रस्ता रुंद करायचा, म्हणून झाड तोडायचं. फक्त सही व्हायची राहिली होती. ती करणारे इंजिनियर नटराज सार, इथं सरांना सारच म्हणतात, तेच आजचे प्रमुख पाहुणे. त्यांना या झाडाखाली बसवून चार घास खायला घालायचे, मग बघू कशी सही करतात, हा बेत माझा. गिरीशनंही मान डोलावली होती. आणि आता एक थेंब पडायच्या आधी हा मला एसी हॉल दाखवत होता. हॉलमध्ये कुठलं आलंय झाड? प्लास्टिकची कुंडी बघून सार सही थांबवणार होते की काय?

माझी सगळी नोकरी सरकारी इस्पितळात गेली. नर्सचं काम. खाट हलव म्हटलं की हलवायची, ट्रे उचल म्हटलं की उचलायचा. एकदा कुणी बडे पाहुणे येणार म्हणून तापानं फणफणलेल्या बायका मी व्हरांड्यात नेऊन ठेवल्या आणि ब्र काढला नाही. रिटायर झाल्यावर या करंजाखालच्या दगडावर बीपीचं मशीन घेऊन बसायला लागले. रविवारी अख्खी गल्ली येऊन दंड पुढे करते. इथून मला कुणी ऊठ म्हणत नाही. झाड गेलं तर तुझं काय जातं, असं माझ्या भावानं विचारलं होतं. माझी जागा जाते, दुसरं काय?

गिरीश सारांना हॉलवर बोलवायला फोन घेऊन वळला आणि मी मिठाचं भांडं उचललं.

आमच्यात नुसतं मांडलेलं पान उचलता येतं. पण त्याच्या कोपऱ्यात मीठ पडलं की ते पान जेवणाऱ्याचं झालं. ते न जेवता उचलणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं. कितीही शिकलेला असो, कुणाचा हात धजत नाही. मी झपाझप वाढत सुटले.

"अक्का, हें काय करतां?"

"मीठ वाढते."

"मुद्दाम करतां."

"मग काय चुकून?"

तेवढ्यात पाऊस आला. थेंबथेंब वगैरे काही नाही, एकदम आला. सगळे ओट्यांवर पळाले. गिरीश छत्री घेऊन परत आला आणि पानांकडे वाकून बघत म्हणाला, "मीठ विरघळलं. आता नुसतीं पानं. उचलूं?"

बँकेतली अक्कल ती! मी पुन्हा वाढलं. पुन्हा वाहून गेलं. पुन्हा वाढलं. ओट्यावर त्याची बायको अखिला पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी मी मधल्या एका पानावर जाऊन बसले. "वाढा," म्हटलं. कुणी हललं नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली. एवढी माणसं ओट्यांवर कोरडी उभी, आणि मी म्हातारी एकटी पावसात, समोर रिकामं पान. सार तिकडे हॉलमध्ये वडे खातील, सही करतील, आणि इथं माझं हसं होईल.

समोरच्या दारात तुकोजी अण्णा खुर्चीवर बसले होते. गल्लीतले सर्वांत वडील, पाय अधू, जेवण म्हणजे दोन चमचे दहीभात. ते काठी टेकत उतरले, धोतर गुडघ्यापर्यंत चिंब, आणि माझ्या शेजारच्या पानावर हळूहळू खाली बसले.

"माझं मीठ कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

अण्णा बसल्यावर बाकीचे कसे उभे राहतील? ओटे रिकामे झाले. अखिलानं भात आणला, दह्यातलं डांगर आणलं, सांबार आणलं, ते वाढता वाढता पातळ होत होतं. गिरीश सर्वांत शेवटी, पँट दुमडून माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. "सार रागावतील, माझ्या नावानं तक्रार जाईल," तो पुटपुटला.

"जाऊ दे. आधी जेव."

त्याचा फोन वाजला. सार हॉलवर पोहोचले होते, तिथं चिटपाखरू नव्हतं. गिरीशनं डाव्या हातानं फोन धरला. "आम्ही झाडाखाली जेवत आहों सार," तो तमिळमध्ये म्हणाला. "तुम्ही इकडेच या." त्यानं माफी मागितली नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

गाडी आली तेव्हा पाऊस ओसरला होता. सार छत्री धरून उतरले. गिरीश उठायला लागला, तशी मी त्याच्या गुडघ्यावर कोपर दाबलं. पंगतीत सर्वांत वडील माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि उशिरा आलेल्या पाहुण्याला पुढची पंगत. हे सारांच्या घरीही असणार, कारण ते छत्री मिटून थांबले. करंजाखाली उभे राहिले. वर पालवीकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. दुसरं बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. त्यांच्या सहीचं विचाराल तर ती अजून झालेली नाही. पुढचं मला माहीत नाही.

अण्णांचं पान स्वच्छ झालं होतं. ते दुमडलं की पंगत संपणार, आणि सारांचं झाड बघणंही. आम्ही सगळे हात थांबवून बसलो. अण्णांनी चष्म्यावरून सारांकडे पाहिलं, अगदी निवांत पाहिलं.

"अखिला, आणखी भात वाढ," ते म्हणाले. "पोटभर वाढ."

ती भाताचं भांडं घेऊन पहिल्या पानापासून निघाली, आणि कुणीच नको म्हटलं नाही.